नटलेली अक्षरे

१५ ऑगस्ट २०२३ ची गोष्ट. सकाळी शाळेत झेंडावंदन झाले होते. रात्री प्रौढांचा वर्ग नेहमीप्रमाणे भरला. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या मावशी उठल्या. त्यांच्या हातात लेकाचा मोबाइल होता.

"गुरुजी, ह्या पानावर रोज सहा अक्षरं असतात. निळं, तांबडं, पिवळं. विंग्रजी असली तरी रंगावरनं मी ती ओळखते. आज बघते तर गोधडी शिवल्यागत कापडाचे तुकडेच तुकडे! आन् ह्यात आपली पैठणी बी हाय म्हणं. ही काय भानगड?"

प्रश्न नामी होता. गुरुजींनी धडा बाजूला ठेवला.

मोबाइलवर काही शोधायचे असले, तर पुष्कळ लोक गूगलचे पान उघडतात. कांद्याचा भाव असो, पावसाचा अंदाज असो, की औषधाचे नाव असो. 'गूगल' हे त्या कंपनीचे नाव. मावशींनी पाहिलेली सहा अक्षरे म्हणजे तिची पाटी. आता पाटीची गोष्ट अशी असते की, दुकानदार तिला कोणाला हात लावू देत नाही. रंग तोच, अक्षराचे वळण तेच. गिऱ्हाइकाने लांबून ओळखले पाहिजे ना! पण ही कंपनी आपलीच पाटी अधूनमधून मोडते. सणाच्या दिवशी, कोणा मोठ्या माणसाच्या जन्मदिवशी, अक्षरांच्या जागी चित्र काढते. कधी अक्षर चित्रात लपलेले असते. ते हुडकण्यात मौज असते. अशा चित्राला इंग्रजीत 'डूडल' म्हणतात. डूडल म्हणजे खरे तर बसल्या बसल्या कागदाच्या कडेला काढलेल्या रेघोट्या.

ह्याची सुरुवात कशी झाली, ते ऐकण्यासारखे आहे. साल १९९८. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन तरुण अमेरिकेत गूगलचे काम करीत होते. कंपनीची नोंदणीसुद्धा अजून व्हायची होती. त्या देशात नेवाडा नावाच्या राज्यात एक वाळवंट आहे. तिथे दर वर्षी मोठा मेळा भरतो आणि लाकडाचा उंच माणूस उभारून तो जाळतात. दोघांना त्या मेळ्याला जायचे होते. दुकान बंद करताना आपण दारावर चिठ्ठी लावतो ना, "मालक बाहेरगावी गेले आहेत"? तशी चिठ्ठी लावायची, तर त्यांनी पाटीतल्या एका गोल अक्षरामागे काडीचा माणूस काढून ठेवला. तेच पहिले डूडल. पुढे २००० साली १४ जुलैला फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाचे चित्र डेनिस ह्वांग नावाच्या उमेदवारी करणाऱ्या मुलाकडून काढून घेतले. ते लोकांना आवडले. मग चित्रांची रीतच पडली. आजवर अशी पाच हजारांहून अधिक चित्रे झाली आहेत. काही हलतात, काही गातात, काहींत चक्क खेळ खेळता येतो.

एका देशात दिसणारे चित्र दुसऱ्या देशात दिसेलच असे नाही. आपल्याकडे १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला चित्र असते. मावशींच्या हातातले चित्र देशोदेशीच्या नव्हे, आपल्याच देशातल्या कापडांचे होते. एकवीस तऱ्हा होत्या. महाराष्ट्राची पैठणी, कर्नाटकाची इरकल, पंजाबची फुलकारी, गोव्याचे कुणबी कापड. त्या वर्षीच्या २६ जानेवारीचे चित्र अहमदाबादच्या एका कलावंताने कागद कातरून केले होते.

माणसांची चित्रेही येतात. ३ जानेवारी २०१७ ला सावित्रीबाई फुले आल्या. पदराखाली बायांना कवेत घेतलेल्या अशा त्या चित्रात आहेत. १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला त्या निघाल्या, तेव्हा लोकांनी त्यांच्या अंगावर शेण फेकले. त्याच बाईंचे चित्र अशा ठिकाणी लागले. डॉक्टर रखमाबाई २०१७ च्या नोव्हेंबरात आल्या. डॉक्टर आनंदीबाई जोशी २०१८ च्या मार्चात आल्या.

आणि १५ जानेवारी २०२३ ला आले खाशाबा जाधव. हे नाव ऐकताच वर्गातले दोघे तालमीतले गडी सरसावून बसले. खाशाबा साताऱ्याकडचे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे. १९५२ साली फिनलंड देशातल्या हेलसिंकी शहरी ते कुस्ती खेळायला गेले. जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. तिथून ते कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारतात एकट्याच्या जोरावर ऑलिंपिकचे पदक आणणारे ते पहिले. १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मरणानंतर. शहरातल्या किती तरी पोरांनी हे नाव त्या दिवशी प्रथमच वाचले असेल.

"म्हंजे सरकारनं मान दिला म्हणायचा," एक गडी म्हणाला.

नाही. हा सरकारी मान नव्हे, बक्षीसही नव्हे. कोणाचे चित्र लावायचे ते कंपनीच ठरवते. ती जाहिरातींवर पैसा मिळवते. चित्र बघायला लोक आले, तर तिला ते हवेच आहे. ज्याचे चित्र लागले नाही तो लहान, असेही नाही. पण चित्रावर बोट दाबले, की त्या माणसाची माहिती उघडते, आणि ती वाचता येते. नुसते चित्र पाहून खाशाबा कोण ते कळत नाही.

"आपल्या वर्गाच्या फळ्यावर बी काढू की असं," मावशी म्हणाल्या. "गावाचं नाव लिहायचं आन् त्यात चित्र."

कोणाचे काढावे? सगळ्यांच्या माना एकदम कोपऱ्याकडे वळल्या. तिथे म्हातारी सुईण बसली होती. अर्ध्या गावाची नाळ तिनेच कापलेली. नावातल्या पहिल्या अक्षराला पाळणा टांगायचा, हे ठरायला वेळ लागला नाही.

"आजी, तुमची जन्मतारीख?" गुरुजींनी विचारले.

"कुणास ठावं! पेरण्या चालू हुत्या म्हणं, आई सांगायची."

कोणत्या सालच्या पेरण्या, ते कोणी लिहून ठेवले नव्हते. गावातल्या शेकडो पोरांची वेळ तिला तोंडपाठ, पण तिची स्वतःची वेळ कुठल्याच कागदावर नव्हती. वर्ग थोडा वेळ गप्प राहिला.

मग मावशी उठल्या. त्यांनी खडू घेतला. "मिरगाचा दिवस धरू," त्या म्हणाल्या आणि जपून, एक एक अक्षर जोडीत त्यांनी फळ्याच्या कडेला लिहिले : आजीचा वाढदिवस, ७ जून.