आधी ब्रेक, मग घोडे

मिशिगनमध्ये रस्त्यांवर मीठ पडायला लागलं की घरी बांधलेल्या कोब्रा मोटारीचा हंगाम संपतो. बर्फ वितळवणारं ते मीठ चासीच्या पोलादी पाइपांत शिरतं आणि गंजाला आमंत्रण देतं. गाडी गॅरेजमध्ये जाते आणि पुढचे चार महिने हातात पाना घ्यायला मोकळे मिळतात. डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या धंद्यात काम करणारी मराठी मंडळी काही कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणाला हा नाद लागला असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी. पुण्या-मुंबईत बसून हा नाद लावून घ्यायचा असेल, तर आधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून घ्या. आपल्याकडे गाडीचं मूळ रूप बदलायची मुभा फार थोडी आहे.

मूळ कोब्रा १९६२ची. कॅरॉल शेल्बीने ब्रिटिश एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं. तशा गाड्या जेमतेम हजाराच्या घरात बनल्या. त्यातली अगदी पहिली २०१६मध्ये लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना गेली. त्यामुळे सामान्य माणसाच्या वाट्याला येते ती प्रतिकृती: किट कंपनीकडून चासी आणि फायबरची बॉडी घ्यायची, इंजिन आणि बाकीचे बरेच भाग जुन्या मस्टँगमधून काढायचे. वजन हजार-अकराशे किलो, ताकद तीनशे हॉर्सपॉवर किंवा त्याहून जास्त. एबीएस नाही, एअरबॅग नाही, घसरती गाडी सावरून धरणारं इलेक्ट्रॉनिक्सही नाही.

हिवाळ्यात कॅटलॉग चाळताना नजर जाते ती कॅमशाफ्टवर किंवा सुपरचार्जरवर. माझं म्हणणं सरळ आहे: गाडी थांबते कशी आणि अपघातात माणसाला धरून ठेवते कशी, हे नीट झाल्याशिवाय एकही नवा घोडा विकत घेऊ नका.

सुरुवात गाडी झोपवण्यापासून. शेवटच्या फेरीत टाकी काठोकाठ भरा, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घाला आणि इंजिन दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचतं. इथल्या पेट्रोलमध्ये सहसा दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. भरलेल्या टाकीत त्याला वाव कमी. इंजिन ऑइल आत्ताच बदला, वसंतात नाही. जुन्या तेलातलं आम्ल महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसू देण्यात काय अर्थ? कूलंट मोजून बघा. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे असलं की साधारण उणे ३७ अंशांपर्यंत चिंता नाही. पण निव्वळ ग्लायकॉल त्यापेक्षा फार लवकर गोठतं, तेव्हा ‘जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही. सांडलेलं लगेच पुसा. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. बॅटरीला मेंटेनर लावा. सायलेन्सरच्या तोंडात उंदरांसाठी तारेचा काथ्या कोंबला असेल, तर तशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा. विमा बंद करू नका. गॅरेजमधली आग आणि चोरी हिवाळ्यातही होते.

मग गाडी वर घेणं. जॅक हा उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नाही. जमीन सपाट आणि पक्की हवी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावा, गाडी उचला, स्टँडवर ठेवा आणि खाली शिरण्याआधी खांद्याने चांगली हलवून बघा. बऱ्याच प्रतिकृतींची मुख्य चासी गोल पाइपांची असते आणि स्टँडचं सपाट डोकं त्यावरून निसटू शकतं. म्हणून आडवा पाइप जिथे जोडला आहे तिथे टेकू द्या किंवा खोलगट पॅड वापरा. फायबरच्या बॉडीखाली काहीही टेकवायचं नाही.

थंडीच्या गॅरेजमध्ये माणसं जिवावर बेततील अशा गोष्टी सहज करतात. दार बंद करून इंजिन चालवणं त्यातली पहिली. दार उघडं ठेवलं तरी कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि घरातही शिरतो. त्याला वास नसतो. इंजिन चालवायचं तर गाडी बाहेर ढकला आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र घरात लावाच. दुसरी गोष्ट हीटरची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. गॅरेजच्या कोपऱ्यात पाणी तापवायचा गॅसचा बंब असेल, तर पेट्रोलची लाइन तिथे उघडायचीच नाही. तिसरी, फारशी कुणाला ठाऊक नसलेली: क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. डब्यावरचं वाचून क्लोरीन नसलेलाच क्लीनर घ्या. फायबर घासताना साधा कापडी मास्क पुरत नाही, रेस्पिरेटर लावा. आणि आग विझवायचं नळकांडं दाराजवळ टांगा, गाडीच्या पलीकडे नाही.

आता मुख्य काम, ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. डॉट ४ प्रतीच्या कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पाणी मुरलं की तीच हमी १५५ अंशांवर येते. उतारावर दोन-तीनदा जोरात ब्रेक लावले की तेल उकळतं, वाफ होते आणि पेडल तळाला जातं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४मध्ये कधीही मिसळायचं नाही. डॉट ५.१ नाव सारखं असलं तरी ग्लायकॉलचंच. या नावांचा घोळ ज्याने घातला त्याला नमस्कार.

पेडलचं गणितही तपासा. बूस्टर असलेल्या ब्रेकला ४:१च्या आसपासचं गुणोत्तर चालतं, बिनबूस्टरला ६:१च्या आसपास लागतं. मस्टँगचं पेडल तसंच ठेवून बूस्टर काढलेल्या गाड्या फिरतात. त्यांचे मालक ‘स्पोर्ट्स कारचं पेडल घट्टच असतं’ असं सांगतात, पण दोष गणितात असतो. तिसरी गोष्ट पुढच्या-मागच्या ब्रेकच्या वाटणीची. मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी फिरलीच म्हणून समजा. मागच्या लाइनवर जुळवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवा आणि वसंतात रिकाम्या, मोकळ्या जागेत पुढची चाकं आधी जाम होतात ना, हे हळू वेगापासून वाढवत तपासा.

सीटच्या पट्ट्यांकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. चार-पाच टोकांचा रेसिंग हार्नेस दिसायला छान, पण चुकीचा बसवला तर साध्या पट्ट्यापेक्षा वाईट. खांद्यावरचा पट्टा मागे जाताना खांद्याच्या पातळीत किंवा फार तर वीस अंश खाली जायला हवा. तो सीटमागून थेट फरशीला बांधला, तर टक्कर झाल्यावर माणसाचा कणा वरून खाली दाबला जातो. त्यासाठी खांद्याच्या उंचीचा आडवा बार चासीला वेल्ड करून घ्या. कमरेचा पट्टा पोटावर नको, ओटीपोटाच्या हाडावर हवा. त्याला तिथे धरून ठेवायला पायांमधला पट्टा लागतो. शिवलेलं लेबल बघा. एसएफआय प्रमाणित पट्टे शर्यतीत दोनच वर्षं चालतात. रस्त्यावर तो नियम नाही, पण उन्हात उघडी राहणारी गाडी असेल तर नायलॉन कुजतो, हे विसरू नका.

आणि रोल बार. क्रोमचा चकचकीत बार नुसता फायबरला बोल्ट केला असेल, तर तो दागिना समजा. तो चासीपर्यंत गेला पाहिजे, त्याला तिरपा आधार पाहिजे आणि बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या किमान दोन इंच वर तो असला पाहिजे. अनेक कोब्रांना ड्रायव्हरच्याच बाजूला बार असतो. शेजारी बायको किंवा मुलगा बसणार असेल, तर दुसरा बार हा या हिवाळ्याचा पहिला खर्च. बार डोक्याजवळ येतो तिथे कडक पॅडिंग लावा. मऊ फोमचा उपयोग नाही.

पेट्रोलच्या होजवरची छापील अक्षरं वाचा. इंजेक्शनच्या दाबाला जे३०आर९ प्रतीचा होज लागतो, कार्बोरेटरचा चालत नाही. मस्टँगमध्ये धक्का बसताच पेट्रोल पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. तो किटमध्ये आणलाय की जुन्या गाडीतच राहिला, बघा. बॅटरी डिकीत असेल तर तिच्या अगदी जवळ मोठा फ्यूज हवा.

एक स्वस्त काम, ज्याला कुणी सुधारणा म्हणत नाही: तिसरा ब्रेक दिवा. अमेरिकेत १९८६च्या मॉडेलपासून मोटारींना तो सक्तीचा झाला, पण साठच्या दशकाची नक्कल करणाऱ्या गाडीला तो नसतो. मागच्या ट्रकवाल्याला दिसण्याइतकीही तुमची गाडी उंच नाही. रोल बारवर एलईडीची पट्टी लावा.

टायरच्या कडेवर डॉटच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. या गाड्या वर्षाला फार थोड्या चालतात, म्हणून नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारं होतं. २०१३मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शेत गेला, तिचे टायर नऊ वर्षांचे असल्याचं तपासात आढळलं; वेगही अफाट होता. सहा वर्षांपुढचे टायर मी तरी ठेवणार नाही. शिवाय उन्हाळी टायर सात अंशांखाली कडक होतात, तेव्हा जानेवारीतल्या कोरड्या, उन्हाच्या दिवशीही चक्कर मारायचा मोह आवरा.

सोडलेला प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने कसा आणि त्यावर रंगाची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट ढिला झाला. वसंतात एखादा जोराचा पाऊस रस्त्यावरचं मीठ धुऊन नेईपर्यंत थांबा. मग चिठ्ठी वाचून काथ्या काढा, टायरमध्ये हवा भरा, गल्लीत चालत्या माणसाच्या वेगाने ब्रेक दाबून बघा आणि पहिल्या पन्नास मैलांनंतर चाकांचे नट पुन्हा कसा. हे सगळं झाल्यावर पैसे उरलेच, तर सुपरचार्जरचा कॅटलॉग उघडायला हरकत नाही.