हातखंब्याच्या उतारावरचं चलान

रत्नागिरी,
२० सप्टेंबर २०२५

चि. अनिकेत यास,


गणपती आटोपून परत जाताना गाडी मित्राच्या हाती दिलीस, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. काल तुझा फोन आला आणि उलगडा झाला: गणपतीला येतानाच हातखंब्याला तुझं लायसन्स जप्त झालं होतं. दादाला कळू नये म्हणून इतके दिवस गप्प राहिलास, हे मी समजू शकते. पण घरात आत्या तीस वर्षं फौजदारी वकिली करून बसली असताना तिला सोडून तू एका एजंटाला आधी सगळं सांगितलंस, ते मला लागलं.

सगळ्यात आधी तुझ्या घाईच्या प्रश्नाचं उत्तर. लायसन्स जप्त करताना दिलेल्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे: वेगाच्या किंवा धोकादायक चालवण्याच्या गुन्ह्यात लायसन्स घेतलं, तर ते परत मिळेपर्यंत ती पावती म्हणजे परवाना नव्हे. तेव्हा ऑफिसला लोकलनेच जा. डोंबिवलीची गर्दी मलाही माहीत आहे, तरी लोकलनेच.

आता तू पाठवलेला कागद. तू फक्त आकडे बघितलेस: मर्यादा ४०, नोंदलेला वेग ९४. मी कलमं बघितली. दोन आहेत, १८३ आणि १८४, आणि सगळी गोष्ट त्या दोघांमधल्या फरकात आहे. १८३ म्हणजे नुसती वेगमर्यादा ओलांडणं. मोटारीसाठी दंड १ ते २ हजार, आणि तो जागेवर किंवा ऑनलाइन भरून प्रकरण मिटवता येतं. १८४ म्हणजे लोकांना धोका होईल अशा वेगाने किंवा अशा रीतीने गाडी हाकणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला पहिल्या खेपेस सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १ ते ५ हजार दंड, किंवा दोन्ही. हे कलम, गाडी चालवताना मोबाइल हातात धरण्यापुरतं सोडलं, तर दंड भरून मिटत नाही. कोर्टात जावंच लागतं.

म्हणूनच तो एजंट ‘पाच हजार द्या, लोकअदालतीत निम्म्यात मिटवतो’ म्हणतो तेव्हा त्याला नमस्कार कर. लोकअदालत चांगली आहे, तिथे मी कितीतरी भांडणं मिटलेली पाहिली आहेत. पण कायद्याने ज्याची तडजोड होत नाही असा गुन्हा तिच्यापुढे चालत नाही. तुझे पैसे जातील आणि कोर्टाची तारीख चुकून वॉरंट निघेल, एवढंच होईल.

‘गुन्हा कबूल करून मोकळा होऊ का,’ असंही विचारलंस. याबाबतीत माझी एक जुनी चूक सांगते. वकिली सुरू करून मला तीन-चार वर्षं झाली असतील. आंब्याच्या दिवसांत एक टेंपोवाला माझ्याकडे आला. वाशीला पेट्या वेळेत पोचवायच्या, दोन दिवसांनी पुन्हा गाडी भरायची, तारखांना वेळ नाही. त्याच्यावर १८४ होतं. मी कागद नीट न वाचता म्हटलं, कबूल कर आणि सुट. सुटला. दीड वर्षात पुन्हा त्याच कलमाखाली सापडला, आणि तीन वर्षांच्या आतला दुसरा गुन्हा म्हणून पहिली कबुली त्याच्या मानेवर येऊन बसली. दुसऱ्या वेळची शिक्षा दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. शिक्षा दंडावर निभावली, पण लायसन्स गेलं आणि त्याबरोबर टेंपोही. त्याच्या बायकोने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून आरोपपत्र पूर्ण वाचल्याशिवाय मी कोणाला कबुलीचा सल्ला दिला नाही.

अमेरिकेतला तुझा मावसभाऊ तिकडच्या खास ट्रॅफिक वकिलांबद्दल सांगतो, ते तिकडचं खरं असेल. आपल्याकडे तसा वेगळा वर्ग नाही. फौजदारी काम करणारा, आणि ज्या कोर्टाच्या हद्दीत घटना घडली तिथे रोज उभा राहणारा वकील तुला हवा. म्हणजे रत्नागिरीचा, मुंबईचा नाही. जाहिरात करणाऱ्याकडे जाऊ नकोस, बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करता येत नाही. ‘निकाल बाजूने लागला तरच फी’ म्हणणाराही नको, तेही नियमाबाहेरचं आहे. फी एकरकमी की दर तारखेची, हे आधी विचार आणि पावती घे. कोऱ्या कागदावर सही करू नकोस. वकीलपत्र वाचून मगच कर. प्रत्येक तारखेला तुला डोंबिवलीहून यायला नको म्हणून हजेरी माफीचा अर्ज देता येतो, तो पहिल्याच तारखेला द्यायला सांग. मी स्वतः ही केस घेणार नाही. भाच्यासाठी उभी राहिले तर तुला टोचणारे प्रश्न मी विचारणार नाही, आणि तेच विचारणारं कोणीतरी तुला हवं आहे.

त्या वकिलांनी काय तपासावं, तेही लिहिते. वेगाच्या गुन्ह्यात एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावर शिक्षा होत नाही, अंदाजाला यंत्राचा आधार लागतो. म्हणून स्पीडगनची नोंद, फोटो, वेळ, ठिकाण मागायचं. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्या यंत्राचं मान्यतेचं प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकरण केलेलं असावं लागतं. ते चालू आहे का पाहायचं. कलम २०९ मध्ये १४ दिवसांत नोटीस किंवा २८ दिवसांत समन्स हवं, असंही आहे, आणि तुझ्या मित्राने तेच तुला सांगून धीर दिला. पण जागेवरच अडवून खटल्याची समज दिली असेल, तर ती अट तिथेच पूर्ण होते. तुला दिली होती, तूच सांगितलंस. त्या आशेवर राहू नकोस.

मग उरतं १८४, म्हणजे धोका होता की नव्हता. तू म्हणालास, ‘आत्या, सकाळचे साडेसहा, रस्ता मोकळा होता.’ कायदा एवढ्यावर थांबत नाही. जागा कशी आहे, तिचा वापर काय, त्या वेळी वाहतूक किती होती, आणि किती असण्याची वाजवी अपेक्षा होती, हे सगळं बघायला तो सांगतो. गणपतीच्या आदल्या दिवसाची पहाट. मुंबईहून रात्रभर जागून आलेले चाकरमानी. निवळीला जयगडकडून येऊन मिळणारे गॅसचे टँकर. हातखंब्याला नागपूरच्या रस्त्याचा फाटा. पावसाने गुळगुळीत झालेला उतार. अन् एसटीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसं. तू खेडला जगबुडी ओलांडूनच आलास ना? १९ मार्च २०१३ ला त्याच नदीत पुलावरून खासगी बस कोसळली आणि ३७ माणसं गेली. तेही पहाटेच.

मला तुझी भीती वाटते म्हणून हे लिहिते, तुला दुखवायला नाही. यंत्राची नोंद चुकीची असेल तर लढ, मी पाठीशी आहे. पण नोंद बरोबर असेल आणि ते तुझं तुला माहीत असेल, तर वकिलाला खोटं सांगू नकोस आणि त्याच्याकडून खोटं वदवून घेऊ नकोस. तशा वेळी वकिलाचं काम असतं शिक्षा दंडापुरती राहावी म्हणून तुझा स्वच्छ इतिहास कोर्टापुढे मांडणं. दुसरं काम आरटीओतलं. लायसन्स तिकडे पाठवलं गेलं आहे, आणि पहिल्या खेपेस आरटीओ तुला तीन महिने अपात्र ठरवू शकतं. पण तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय नाही. ती नोटीस आली की तारीख चुकवू नकोस. बहुतेक जण कोर्टाकडे बघत बसतात आणि ही सुनावणी सोडून देतात.

दादाला तूच सांग, या रविवारच्या आत. तो ओरडेल, मग जेवायला वाढेल.

पुढच्या शुक्रवारी रात्री ठाण्याहून तुतारी एक्स्प्रेस पकड. मूळ पावती, चलान, आरसी, विम्याचे कागद आण, मोबाइलवरचे फोटो नकोत. शनिवारी सकाळी स्टेशनवरून घरी न येता आधी रिक्षाने हातखंब्याला जाऊ. उताराच्या पायथ्याशी अर्धा तास उभं राहू, पोरं शाळेला जातात ती वेळ असेल. वकिलांकडे अकराला जायचं ठरवते.

तुझी,
आत्या