गाडीची रिमोट किल्ली का रुसते?

जानेवारीतली संध्याकाळ. बाहेर उणे १८ अंश सेल्सियस. दूध-ब्रेड घेऊन तुम्ही दुकानातून बाहेर येता, गाडीसमोर उभं राहून बटण दाबता आणि काहीच होत नाही. पुन्हा दाबता. तरी नाही. सकाळी घरातून निघताना तर हीच किल्ली चालत होती!

अशा वेळी एक गोष्ट माहीत असली की जीव थोडा भांड्यात पडतो. तुमच्या हातात दिसायला एक किल्ली असली, तरी तिच्यात तीन किल्ल्या आहेत: धातूचं पातं, सेलवर चालणारा रेडिओ, आणि सेलशिवाय चालणारी एक चिप. तिन्ही एकदम बिघडणं फार दुर्मीळ.

आधी सेल. बहुतेक किल्ल्यांमध्ये सीआर२०३२ हा बटणासारखा चपटा सेल असतो. आकड्यातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. थंडीत सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. बटण दाबल्यावर रेडिओ क्षणभर बराच विद्युतप्रवाह मागतो, आणि त्या क्षणी सेलचा दाब कोसळतो. नवा सेल हे निभावून नेतो, जुना नाही. म्हणून घरात चालणारी किल्ली पार्किंगमध्ये मुकी होते. मल्टिमीटर लावून बघाल तर तोही फसवेल, कारण या लिथियम सेलचा दाब, भार नसताना, बराच काळ ३ व्होल्टच्या आसपासच राहतो. तात्पुरता उपाय साधा आहे. किल्ली मुठीत किंवा कोटाच्या आतल्या खिशात पाच मिनिटं धरा आणि मग दाबा.

दुसरा उपाय लोक हसण्यावारी नेतात, पण तो खरा आहे: किल्ली हनुवटीला लावून बटण दाबायचं. अमेरिकेत या किल्ल्या बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, युरोपात आणि भारतात ४३३.९२ वर. ३१५ ला तरंगलांबी साधारण ९५ सेंटिमीटर होते, आणि किल्लीतला अँटेना त्यापुढे अगदीच चिमुकला. पाण्याने भरलेलं आपलं डोकं त्या लहरींशी जोडलं जातं आणि अँटेनाला हातभार लावतं. पल्ला काही मीटरने वाढतो. शक्ती इतकी कमी असते की डोक्याची काळजी नको.

सेल नवा असूनही किल्ली रुसली तर घरातल्या छोट्या मंडळींकडे बघा. दर वेळी बटण दाबल्यावर किल्ली नवा संकेत पाठवते. कुणी जुना संकेत ध्वनिमुद्रित करून चोरी करू नये म्हणून ही सोय. किल्ली आणि गाडी दोघी मनात मोजत असतात. पोराने सोफ्यावर बसून पन्नास वेळा बटण दाबलं की किल्ली पुढे जाते आणि गाडी मागे राहते. कीलॉक नावाच्या जुन्या, खूप वापरल्या गेलेल्या पद्धतीत गाडी साधारण पुढचे १६ संकेत लगेच मान्य करते. त्याहून पुढचे असतील तर लागोपाठ दोन बरोबर संकेत मागते. म्हणून गाडीजवळ जाऊन दोनदा दाबून बघा. काही गाड्यांना पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. त्याची रीत मॅन्युअलमध्ये असते.

रेडिओ पूर्ण मेला तरी दार उघडता येतं. किल्लीतलं पातं खटका दाबून बाहेर काढा. दाराला भोक दिसत नसेल तर ते बहुधा हँडलजवळच्या प्लास्टिकच्या टोपणाखाली लपलेलं असतं. (गाडीचीच बॅटरी उतरली असेल तरीही हाच मार्ग.) आत बसल्यावर किल्ली थेट स्टार्ट बटणाला टेकवा. काही गाड्यांत यासाठी वेगळा खाचा किंवा जागा असते. तिथल्या वेटोळ्यातून कमी कंप्रतेचं चुंबकीय क्षेत्र निघतं आणि फॅरडेच्या प्रवर्तनाने किल्लीतल्या चिपला वीज मिळते. चिप ओळख सांगते, इंजिन सुरू होतं.

हीच चिप किल्ली हरवल्यावर खर्च वाढवते. नुसतं पातं कापून आणलं तर दार उघडेल, इंजिन नाही. ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांना ही सोय १९९८ पासून आणि कॅनडात २००७ पासून सक्तीची आहे. एक किल्ली शिल्लक असेल तर दुसरी करणं सोपं. काही गाड्यांत दोन चालू किल्ल्या असतील तर तिसरी मालक स्वतःच जुळवू शकतो. सगळ्याच गेल्या तर गाडी ओढून शोरूमला न्या, नाहीतर जागेवर येणारा किल्लीवाला शोधा. काचेखालचा १७ अक्षरांचा व्हीआयएन, गाडीची कागदपत्रं आणि ओळखपत्र तयार ठेवा. फोनवरच विचारा, ‘इंजिन सुरू करून देईपर्यंत एकूण किती?’ हरवलेली किल्ली गाडीच्या स्मृतीतून पुसायलाही सांगा. ऑनलाइन मिळणारी जुनी स्वस्त किल्ली घेण्याआधी दोनदा विचार करा, ती बऱ्याचदा आधीच्या गाडीशीच कायमची बांधलेली असते.

आमच्याकडे दुसरी किल्ली तीन वर्षं चहाच्या डब्यामागे पडून होती. गरज पडली तेव्हा तिचाही सेल संपलेला! तेव्हापासून दोन्हींचे सेल एकाच दिवशी बदलतो.

आणि काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत गंभीर भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंचावरच्या डब्यात टाका.