न्हाणीच्या भिंतीची ओल

कुंडलच्या एखाद्या जुन्या घरातील न्हाणी डोळ्यांसमोर आणा. खाली दगडी फरशी, कोपऱ्यात पाण्याचा बंब, बसायला पाट. पाटावर बसून तांब्याने अंगावर पाणी घेतले, तर शिंतोडे भिंतीवर फार तर कमरेइतके चढतात. तेवढ्या उंचीला दगड किंवा घोटलेला गिलावा असला की भागत असे. जवळच १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तेथे पुढे पंप तयार होऊ लागले. पंपामुळे पाणी छपरावरच्या टाकीत चढले आणि टाकीमुळे न्हाणीत शॉवर आला. आता पाणी डोक्याच्याही वरून पडते, आणि आपल्या या घरात भिंतीपलीकडे ज्वारीची पोती रचलेली आहेत. भिंत आहे पांढऱ्या मातीची. तिला आतून काय लावावे?

आधी पाणी भिंतीत शिरते कसे ते पाहू. माती, वीट, गिलावा यांत असंख्य बारीक छिद्रे असतात. काचेची १ मिलिमीटर व्यासाची नळी पाण्यात उभी धरली, तर पाणी नळीत सुमारे ३ सेंटिमीटर चढते. व्यास दहापट कमी केला, की दहापट उंच, म्हणजे ३० सेंटिमीटर! हे केशाकर्षण. म्हणून भिंतीत पाणी वरच्या दिशेलाही जाते. साधी भाजलेली वीट २४ तास पाण्यात ठेवली, तर स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० टक्के पाणी पिऊ शकते. कच्च्या मातीची गोष्ट आणखी वाईट, कारण ती पाणी पिऊन मऊ पडते आणि भिंतीचा भारच पेलत नाही.

मग तैलरंग लावला तर? पाणी समोरून आले तर तो अडवील. पण फटीतून किंवा जमिनीतून मागून आले, की फसगत होते. पाण्याबरोबर विरघळलेले क्षार येतात, पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक रंगाच्या मागे वाढत जातात. रंगाचे पोपडे सुटतात, भिंतीला लोणा लागतो.

झिलईची लादी उत्तम. झिलई म्हणजे काचेचाच पातळ थर. परंतु लादी मोडून पाहा. आतला भाग मातकट, सच्छिद्र असतो; भिंतीच्या पुष्कळ लाद्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषतात. त्यातून लाद्यांमधले सांधे तर झिलईचे नसतातच. म्हणून लादीमागे पाणी अडवणारा लेप हवा. लादी दिसते, लेप दिसत नाही. खर्च वाचवताना लोक नेमका लेपच वगळतात.

शहाबादी फरशी टिकाऊ, पण ती चुनखडीचा दगड आहे. अॅसिडने धुतली की झिजते.

मोरोक्कोत चुन्याच्या गिलाव्याची एक गमतीदार रीत आहे. तेथील कारागीर गिलावा गुळगुळीत दगडाने घोटतात आणि त्यावर साबण चोळतात. साबण हा मेदाम्लांचा सोडियम किंवा पोटॅशियम क्षार. चुन्यातल्या कॅल्शियमशी त्याची क्रिया होऊन न विरघळणारा कॅल्शियमचा साबण बनतो आणि छिद्रे बुजतात. हाच पदार्थ तुम्ही रोज पाहता! विहिरीच्या दुष्फेन पाण्यात साबण फेसाऐवजी पांढरा साका देतो, तोच हा.

एक प्रयोग करा. विटेचे दोन तुकडे घ्या. एकावर मेणबत्ती घासा, दुसरा तसाच ठेवा. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. मेणावर थेंब मण्यासारखा उभा राहील; कोऱ्या विटेत तो पाहता पाहता नाहीसा होईल.

आता आपल्या न्हाणीकडे वळू. मातीवर सिमेंटचा गिलावा नीट धरत नाही. म्हणून मातीच्या भिंतीपुढे भाजलेल्या विटांची अर्ध्या विटेची भिंत उभारावी, तिच्यावर गिलावा, मग लेप, मग लादी, शॉवरच्या वरपर्यंत. फरशी व भिंत मिळतात तो कोपरा दोनदा लेपावा. गळती बहुधा तिथूनच सुरू होते. पोत्यांच्या बाजूला मात्र सिमेंट किंवा तैलरंग नको. तिकडे चुन्याचा हात द्यावा, म्हणजे भिंतीत उरलेली ओल हवेत उडून जाईल. पहिला पावसाळा संपेपर्यंत पोती भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत.