खांदा बसवणारे पुष्कळ भेटतील

कोल्हापुरात माझा विषय निघाला की लोक एकच वाक्य बोलतात: चांगला कीपर होता, पण दुखण्याचं गाठोडं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेंगा सोलत हे बोलायला काही लागत नाही. ज्यांनी मला टेपा गुंडाळून आणि वेदनाशामक सुया टोचून गोलपोस्टमध्ये उभं केलं, त्यांच्यातलेही काही जण आता तेच म्हणतात, आणि खरा संताप त्याचा येतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ज्या तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलो, तिचं नाव लिहिणार नाही. पेठेत राहायचं आहे.

माझं शरीर ठिसूळ नव्हतं. पहिली दुखापत कुणी नीट बघितली नाही म्हणून दुसरी झाली, दुसरी घाईनं मिटवली म्हणून तिसरी. मनगट, खांदा, गुडघा, या क्रमानं.

मनगटाचं ज्युनिअर संघात असताना झालं. एप्रिलचा सामना. त्या दिवसांत मैदान तापून कडक झालेलं असतं आणि गोलपोस्टपुढचं गवत तर त्याच्या कितीतरी आधीच गेलेलं असतं. उजवीकडे झेप घेतली, चेंडू बाहेर काढला आणि उघडा तळहात जमिनीवर आदळला. संध्याकाळी मनगट सुजलं. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे, मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज बांधलं आणि सामना जिंकल्याच्या मिसळीला मी तसाच गेलो.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला, अंगठा ताणला की एक खळगा दिसतो. त्या खळग्याच्या तळाशी होडीच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, स्कॅफॉइड. तळहातावर पडणाऱ्या माणसाचं पुष्कळदा हेच हाड मोडतं, आणि लागल्या दिवशीच्या एक्स-रेत ते मोडलेलं पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर एक्स-रे काही का म्हणेना, हाताला आधार बांधून ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात, किंवा सरळ एमआरआय करतात. या हाडाला रक्त उलट्या बाजूनं, बोटांकडच्या टोकाकडून येतं. मधोमध मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं, आणि मग ते जुळता जुळत नाही. पोराच्या मनगटाला लागलं तर आईबापांनी बाकी सगळं विसरावं, पण त्या खळग्यात बोट दाबून बघावं. हे मला त्या दिवशी सांगायला दहा सेकंदं लागली असती.

नंतर दुखणं कमी झालं, पण मनगट मागे वळेना. दोन्ही तळहात चेंडूमागे नेता येईनात, म्हणून मी मूठ मारायला लागलो. कॉर्नर आला की मूठ, क्रॉस आला की मूठ. त्यावरून पायऱ्यांवरून काय काय ऐकलं ते इथं छापण्यासारखं नाही. ‘पकडायला भितोय’ हे त्यातल्या त्यात सभ्य. आणि उजवीकडे पडताना हात आपोआप आखडला जायचा, अंगाचा सगळा भार खांद्यावर यायचा.

खांदा सीनिअर संघात आल्यावर निखळला, तोही सेमीफायनलमध्ये. क्रॉसला वर उडालो, त्यांचा फॉरवर्ड अंगावर आला, हात बाहेर पसरलेला असतानाच खाली आलो. खांद्याचा गोल समोरच्या बाजूला आलेला मला स्वतःला दिसत होता. टचलाइनवरून एक जुने पैलवान आत आले, काखेत पाय दिला, हात ओढला, आणि बसला. टाळ्या. ‘बसला की रं! ऊठ मर्दा!’

आता इथं एक नियम समजून घ्या. मैदानावर उपचार घेतलेल्या साध्या खेळाडूला बहुतेक वेळा बाहेर जावं लागतं. गोलकीपरला ती सक्ती नाही. खेळ थांबतो आणि सगळे त्याची वाट बघतात. ही सवलत म्हणून दिलेली आहे, पण तिथं पडलेल्या माणसाला विचारा. बाहेर नेलेल्या खेळाडूला निदान पाच मिनिटं तरी कुणी बघत नाही, त्याला विचार करता येतो, दुखतंय म्हणता येतं. कीपरला अख्ख्या स्टेडियमसमोर उठून दाखवावं लागतं. शिवाय आमचा दुसरा कीपर त्या दिवशी परीक्षेला गेला होता. मी उठलो. शेवटची वीस मिनिटं एका हातानं काढली आणि आम्ही जिंकलो. त्या विजयाचा फोटो तालमीत अजून भिंतीवर आहे.

तालमीतल्या हातांबद्दल मला आदर आहे. कुस्तीच्या आखाड्यात पिढ्यानपिढ्या निखळलेले सांधे बसवलेत त्यांनी. पण सांधा बसला म्हणजे काम झालं, हा समज खोटा आहे. ओढण्याआधी एक्स-रे हवा, कारण सोबत हाड मोडलेलं असेल तर ओढण्यानं ते आणखी सरकतं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या थोडं खाली, बधिर लागतंय का ते बसवण्याआधी आणि नंतर बघायला हवं. तिथं शीर दबलेली असू शकते. आणि बसवल्यावर वाकड्या तोंडानं तेल लावून रगडणारे जे भेटतात त्यांना सरळ नको म्हणा. ताज्या माराला रगडल्यानं स्नायूतच हाड धरू शकतं.

मुख्य गोष्ट वयाची. खांद्याची खोबण फार उथळ असते, तिच्या कडेला कुर्चेची एक किनार असते, तिच्या जोरावर गोल जागेवर राहतो. पुढच्या बाजूनं खांदा निखळला की ती किनार बहुतेकदा फाटते आणि आपोआप नीट चिकटेल याचा भरवसा नसतो. विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचीच शक्यता मोठी, त्यातून आदळण्याआपटण्याचा खेळ असेल तर विचारूच नका. आणि दरवेळी निखळताना खोबणीच्या कडेचं हाडही झिजत जातं. म्हणजे पहिल्याच खेपेला एमआरआय करून घेतला तर दुर्बिणीतून किनार शिवून भागू शकतं. उशीर केला तर दुसरीकडचं हाड कापून तिथं स्क्रूनं बसवावं लागतं. माझं दुसऱ्या प्रकारचं झालं.

कारण उशीर झाला. का झाला, तर तालमीचा कारभार बघणारे एक अण्णा होते. (आहेत.) त्यांना शारीरशास्त्राची एकच परीक्षा ठाऊक होती. ‘हात वर कर. जातोय न्हवं? मग काय!’ दर सामन्याआधी मी हात वर करायचो, अण्णा मान हलवायचे, कुणीतरी सुई आणायचं. हात वर जाणं आणि झेप घेऊन पडल्यावर खांदा टिकणं यांचा काही संबंध नाही, हे मला आता कळतं. तेव्हा अण्णांना विचारणारा मी कोण? घरी वडील अण्णांच्या पाया पडत. खांदा नंतर सरावात निखळला, जिन्यावर निखळला, एकदा झोपेत कूस बदलताना निखळला. संतोष ट्रॉफीच्या निवड चाचणीला माझं नाव गेलं होतं. चाचणीच्या आदल्या आठवड्यात पेठेतल्या एका स्पर्धेचा सामना होता, अण्णांनी ‘एवढा एक काढ’ म्हटलं. चाचणीच्या दिवशी मी झोळीत हात घालून घरी बसलो होतो.

शेवटी मामानं मला मिरजेला नेलं. डॉक्टरांनी खांदा तपासला, मग म्हणाले, टेबलावर हात टेकून उठ. मी उठलो. ते थांबले. ‘मूठ का टेकवलीस?’

मी म्हटलं, सवय आहे.

‘तळहात टेकव.’

टेकवला नाही. टेकवता येत नव्हता, आणि तोवर इतक्या वर्षांत हे मला एकाही माणसानं विचारलं नव्हतं. त्यांनी खांद्याचं बाजूला ठेवलं आणि मनगटाचा फोटो काढायला लावला. फोटो प्रकाशाच्या चौकटीवर लावला. त्या होडीसारख्या हाडाचे दोन तुकडे, मध्ये फट, आणि फटीच्या कडा गुळगुळीत झालेल्या. डॉक्टर म्हणाले, हे काल-परवाचं नाही, वर्षं झाली याला. मग त्यांनी बोटानं क्रम सांगितला: हे वळत नव्हतं म्हणून तू मूठ मारायला लागलास, हात टेकवायला घाबरलास, म्हणून खांद्यावर पडायला लागलास.

मला रडू वगैरे आलं नाही. मला पायऱ्यांवरचे ते सगळे आवाज आठवले, ‘पकडायला भितोय’, आणि असं वाटलं की ती फिल्म घेऊन कोल्हापूरला जावं आणि एकेकाच्या डोळ्यांसमोर धरावी. मोडलेल्या हातानं मी त्या पोस्टमध्ये उभा होतो. भित्रा म्हणे!

अण्णांना मात्र ती दाखवली. त्यांनी बघितली नाही. ‘आता हे जुनं उकरून काय करायचं?’ एवढंच म्हणाले. खर्चाचं काढलं तर, ‘तालमीचा खजिना तुला म्हाईत हाय की.’ माहीत होता. त्याच हंगामात बाहेरून एक फॉरवर्ड आणला होता, मानधन, राहायला खोली, दोन्ही वेळचं जेवण. माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी विचारलं ते किट परत कधी करणार, हे. ग्लोव्हज मी स्वतःच्या पैशानं घेतले होते, तेही मागितले.

मनगटात कंबरेचं हाड भरून स्क्रू घातला, नंतर खांदा केला. गुडघ्याचं थोडक्यात सांगतो. हात झोळीत असताना पायांचा व्यायाम चालू ठेवायचा असतो, हे कुणी सांगितलं नाही. मांड्या बारीक झाल्या, परत आलो, एका पायावर उतरलो आणि गुडघ्यातला लिगामेंट गेला. एसीएल. तिथं खेळ संपला.

लोक मला कोर्तुआचं उदाहरण देतात. रेआल माद्रिदचा कीपर कोर्तुआ, त्याचा एसीएल ऑगस्ट 2023 मध्ये फाटला आणि 1 जून 2024 ला वेम्बलीवर तो चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये उभा होता. खरं आहे. पण मध्ये मार्चमध्ये, परतायच्या तयारीत, त्याच्या दुसऱ्या गुडघ्याची गादी फाटली होती, हे सांगत नाहीत. रोज फिजिओ दिमतीला असलेल्या माणसाची ही गत, तर सकाळी एमआयडीसीत पाळी करून संध्याकाळी सरावाला येणाऱ्या पोराला ‘तो बघ की परत आला’ म्हणण्यात काय अर्थ आहे? एसीएलनंतर नऊ महिन्यांच्या आत सामना नाही, हे गाठीला बांधा. नऊ महिने झाले म्हणजे तयार, असंही नाही. दोन्ही मांड्यांची ताकद मोजून घ्या, एका पायावरच्या उड्या मोजून घ्या, फरक असेल तर थांबा.

चेल्सीचा कीपर पेत्र चेक, त्याचंही सांगतो, कारण ते मला जास्त लागतं. 14 ऑक्टोबर 2006, रेडिंगविरुद्ध चेल्सी. पहिल्याच मिनिटात समोरच्याचा गुडघा चेकच्या डोक्यावर बसला, कवटी मोडली. त्याच्या जागी आलेला दुसरा कीपर कुडिचिनीही शेवटी बेशुद्ध पडला आणि बचावपटू जॉन टेरीला पोस्टमध्ये उभं राहावं लागलं. चेक जानेवारीत परतला आणि पुढची सगळी कारकीर्द डोक्याला संरक्षक टोपी घालून खेळला. त्या प्रकरणावर गदारोळ झाला आणि प्रीमिअर लीगनं मैदानावरच्या वैद्यकीय व्यवस्थेचे नियम कडक केले. आमच्याकडे काय बदललं? बर्फाचा डबा नवा आला.

तर ज्यांची पोरं कीपर आहेत त्यांच्यासाठी. डोक्याला लागलं, गरगरलं, उलटी झाली, स्कोअर विसरला, तर त्या दिवशी परत आत नाही. याला अपवाद नाही. पडायला शिकवा. आधी गुडघ्यांवर बसून, मग उकिडवं, मग उभं राहून. चेंडू आधी जमिनीला लागला पाहिजे, मग अंगाची बाजू, मांडी, कंबर, पाठीचा कडेचा भाग. कोपर किंवा खांद्याचं टोक कधीच नाही. कडक मैदानावर सरावात पॅडची पँट आणि पूर्ण बाह्या घालायला लाज वाटू देऊ नका. सरावात कीपरला उभा करून अख्ख्या संघानं तासभर फटके मारायचे, ही आपल्याकडची पद्धत, तिला सराव म्हणत नाहीत. पाणी प्या, झोपा, वॉर्मअप करा, हे सगळे सांगतातच.

परत कधी खेळायचं हे ठरवणारा माणूस असा हवा, की तुम्ही खेळलात काय, न खेळलात काय, त्याचं काही जात नाही. प्रशिक्षक नको, कारभारी नको, बक्षिसाची रक्कम जाहीर करणारे तर नकोच. फिफाचीही 2012 पासून एक योजना आहे, पण ती राष्ट्रीय संघाकडून खेळताना जखमी झालेल्याचा पगार त्याच्या क्लबला भरून देते. म्हणजे वरपासून खालपर्यंत हिशेब क्लबचाच मांडला जातो, तुमचा तुम्ही मांडा. हंगाम सुरू व्हायच्या आधी अपघात विमा कोण काढणार ते विचारा, आणि पॉलिसीत खेळातली दुखापत वगळलेली नाही ना, ते वाचा. शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसते का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. मंजुरी आधी लागते, बिल भरून झाल्यावर विचारून फायदा नाही.

आणि कागद. प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक एक्स-रे, तारखेसकट स्वतःच्या घरी ठेवा. तालमीत कुणी मागितलं तर झेरॉक्स द्या, फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा, मूळ देऊ नका. माझ्या मनगटाची पहिली फिल्म अण्णांनी ‘ओळखीच्या डॉक्टरला दाखवून आणतो’ म्हणून नेली होती. मागायला गेलो की चहा पाजतात.