गर्भातील बाळाचा रिपोर्ट आणि आपण



आज प्रायश्चित्तकाळातील चौथा रविवार. आजच्या शुभवर्तमानात आपल्याला जन्मांध माणूस भेटतो. त्याला पाहताच शिष्यांना पहिला प्रश्न पडतो, तो म्हणजे हे पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईवडिलांचे? माणूस समोर बसला आहे आणि शिष्य त्याच्याशी न बोलता त्याच्याविषयी बोलत आहेत. प्रभू येशू दोन्ही उत्तरे नाकारतो आणि त्या माणसाजवळ जातो.

येत्या शनिवारी, २१ मार्चला, जागतिक डाऊन सिंड्रोम दिन आहे. संयुक्त राष्ट्रसंघ २०१२ पासून हा दिवस पाळतो. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या जोडीत दोनऐवजी तीन गुणसूत्रे असतात, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकविसावी तारीख. या निमित्ताने आजचा पाठ एका अवघड विषयावर आहे.

१. एक संध्याकाळ

काही वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक जोडपे मला भेटायला आले. (त्यांच्या परवानगीने लिहीत आहे, नावे सांगत नाही.) तिला तिसरा महिना संपत आला होता. हातात 'डबल मार्कर' तपासणीचा रिपोर्ट होता आणि त्यावर 'हाय रिस्क, १:१२०' असे लिहिलेले होते. घरात रडारड चालली होती. सासूबाई म्हणत होत्या, "आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं." माहेरचे म्हणत होते, "आमच्यातही नव्हतं." शिष्यांचाच प्रश्न, फक्त दोन हजार वर्षांनंतर.

मी काय केले? दहा मिनिटे ख्रिस्तसभेची शिकवण सांगितली. ती शिकवण खरीच होती. दोघांनी शांतपणे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "फादर, तुम्ही सांगता ते मला मान्य आहे. पण अशा बाळाला घेऊन मी मिस्साला आले आणि ते ओरडलं तर? मागे एकदा असाच एक मुलगा ओरडला, तेव्हा तुम्ही प्रवचन थांबवून त्याच्याकडे बघत राहिलात. त्याची आई त्याला घेऊन बाहेर गेली. ती पुन्हा आमच्या मिस्साला दिसली नाही."

मला तो प्रसंग आठवत नव्हता. तिला आठवत होता.

२. रिपोर्ट काय सांगतो?

प्रथम एक गैरसमज दूर करू. १:१२० याचा अर्थ अशा १२० गर्भवतींपैकी एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता आहे. उरलेल्या ११९ जणींच्या बाळांना तो नसतो. अकराव्या ते तेराव्या आठवड्यातील सोनोग्राफी (यात बाळाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात) आणि डबल मार्कर या चाळणी तपासण्या आहेत. आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए पाहणारी नवी तपासणी अधिक अचूक आहे, पण तीही चाळणीच. निश्चित निदान गर्भजलपरीक्षेसारख्या तपासणीनेच होते. ती साधारण पंधराव्या आठवड्यानंतर करतात आणि तिच्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. म्हणून रिपोर्ट आला की आधी डॉक्टरांना विचारावे, 'ही चाळणी आहे की निदान?' शेजाऱ्यांना नंतर.

३. पाप कोणाचे? कोणाचेच नाही

डाऊन सिंड्रोमचे वर्णन १८६६ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉन लँग्डन डाऊन यांनी केले. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे कारण ठाऊक नव्हते आणि लोक आईवडिलांच्या वागणुकीवर बोट ठेवीत. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये डॉ. जेरोम लेज्यून, डॉ. मार्थ गोतिए आणि डॉ. रेमों त्युर्पें यांनी ते जादा गुणसूत्र जगासमोर मांडले. बहुतेक वेळा हा बदल योगायोगाने घडतो. आईचे वय वाढले की शक्यता वाढते, पण तरुण आईलाही असे बाळ होऊ शकते. म्हणजे प्रभूने आज शिष्यांना दिलेले उत्तरच प्रयोगशाळेत पुन्हा मिळाले, की दोष कोणाचाही नाही.

पुढे याच शोधाच्या आधारे गर्भातच अशी बाळे शोधणे शक्य झाले. डेन्मार्कमध्ये २००४ पासून प्रत्येक गर्भवतीला ही तपासणी देऊ केली जाते आणि निदान झालेली बहुतेक जोडपी गर्भपात करतात. डॉ. लेज्यून स्वतः श्रद्धावंत कॅथोलिक होते. आपल्या शोधाचा असा उपयोग होताना पाहून ते दुःखी झाले आणि त्याविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिले. ते १९९४ च्या पुनरुत्थान रविवारी वारले. २०२१ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना 'आदरणीय' घोषित केले.

४. तपासणी करणे पाप आहे का?

नाही. १९८७ च्या रोमच्या सूचनेत आणि पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९५ च्या 'जीवनाचे शुभवर्तमान' या परिपत्रकात हे स्पष्ट आहे. आई आणि बाळ यांना अवाजवी धोका नसेल आणि हेतू बाळाची काळजी घेण्याचा असेल, तर तपासणी योग्यच आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. तो आधी कळला तर प्रसूती कुठे करायची आणि शस्त्रक्रियेची तयारी कशी ठेवायची हे ठरवता येते. मात्र 'तसे असेल तर काढून टाकू' असे मनाशी ठरवून केलेली तपासणी ख्रिस्तसभा गंभीर चूक मानते.

५. 'काय' आणि 'कोण'

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला एक भेद शिकवला जाई. 'हे काय आहे?' हा एक प्रश्न आणि 'हा कोण आहे?' हा दुसरा. रिपोर्ट पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर त्यात नसते. बुद्धी कमी-जास्त असू शकते. 'कोणीतरी' असणे कमी-जास्त नसते.

हे आपल्याला पटत नाही असे नाही. गर्भातील मुलगी म्हणून तिला मारणे चूक आहे हे आपण सगळे मानतो. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम त्याविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये देशाचा कायदा झाला. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर लिंग सांगितले जाणार नाही, अशी पाटी असते. पण त्याच खोलीत जादा गुणसूत्राची शंका घेतली जाते, तेव्हा आपला सूर बदलतो. गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर, वैद्यकीय मंडळाने गर्भात मोठे व्यंग आहे असे ठरवल्यास चोवीस आठवड्यांची मर्यादाही लागू होत नाही. कायद्याने परवानगी दिली की ते योग्य ठरते का, हे आपण स्वतःला विचारायला हवे.

६. आईवडिलांची खरी भीती

'आमच्यामागे याचे कोण?' हा त्यांचा खरा प्रश्न असतो आणि त्याला 'देवाची इच्छा' एवढे उत्तर पुरत नाही. म्हणून काही माहिती देतो. अमेरिकेत १९८३ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे सरासरी आयुष्य सुमारे २५ वर्षे होते. आज ते साठीच्या आसपास आहे. लहानपणीच फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी सुरू केली तर फरक पडतो. आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, मूल अठरा वर्षांचे झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे.

७. आपण काय करणार?

त्या जोडप्याचे पुढील निदान पक्के झाले. त्यांनी बाळाला जन्म दिला. मुलगी झाली. आठव्या महिन्यात तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. ती उशिरा चालू लागली आणि अजून मोजकेच शब्द बोलते. आई थकते, कधी रडतेही. 'अशी मुले म्हणजे देवदूत' असे कोणी म्हटले की ती मला सांगते, "फादर, देवदूताला शाळेत प्रवेश लागत नाही. हिला लागतो."

आजच्या पहिल्या वाचनात शमुवेल इशायाच्या घरी येतो. इशाय आपले सात मुलगे पुढे करतो. धाकट्या दावीदला बोलावण्याचे त्याला सुचतही नाही. पाहुणे आले की आपणही कोणाला आतल्या खोलीत ठेवतो, याचा विचार करू या. आईबाप रिपोर्ट हातात घेऊन बसतात, तेव्हा आपण त्यांना काय सांगू हे त्यांना आधीच माहीत असते. आपण अशा मुलांकडे कसे बघतो, हे त्यांनी मिस्सात, लग्नमंडपात, नळावर पाहिलेले असते.

म्हणून आजपासून कोणतेही मूल मिस्सात ओरडले तर मी थांबणार नाही आणि तुम्हीही मागे वळून बघू नका. त्या दिवशी माझ्या नजरेमुळे जी आई बाहेर गेली, तिची मी या पानावरून क्षमा मागतो.

आणि ज्यांनी पूर्वी भीतीपोटी, घरच्यांच्या दबावाखाली वेगळा निर्णय घेतला आणि आजही ते ओझे वाहत आहेत, त्यांनी दूर राहू नये. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मगुरूला या पापाची क्षमा देण्याचा अधिकार दिला आहे. प्रायश्चित्तसंस्काराचे दार तुमच्यासाठी उघडे आहे.

कुटुंबात चर्चेसाठी :
१) आपल्या नात्यात वा आळीत असे मूल आहे का? आपण त्याला त्याच्या नावाने हाक मारतो का?
२) अशा आईला महिन्यातून एक दुपार विश्रांती मिळावी म्हणून आपले घर काय करू शकेल?

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
धर्मगुरू