फळे, कर्करोग आणि आरोग्याचा तास



आरोग्याच्या तासाला ‘फळे खा, कर्करोग टाळा’ एवढे वाक्य फळ्यावर लिहून पाठ संपविण्याचा मोह होतो. तो आवरावा. वर्गातील एखाद्या मुलाची आई याच व्याधीने अंथरुणास खिळलेली असेल, तर त्या वाक्यातून ते मूल काय अर्थ घेईल, याचा विचार आधी करावा.

फळे व भाज्या नेमाने खाणाऱ्यांत तोंड, घसा व अन्ननलिका यांचे कर्करोग काहीसे कमी आढळतात. परंतु अशी माणसे बहुधा तंबाखू व दारू यांपासूनही दूर असतात. त्यामुळे फळांचा वाटा किती, हे निश्चित सांगणे कठीण आहे. फळातील द्रव्य गोळीतून दिल्याने तोच लाभ होतो, असेही नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,000 हून अधिक पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे 18 टक्क्यांनी अधिक आढळला. तंबाखू चालू ठेवून वर फळ खाणे हा उतारा नव्हे. आपल्याकडे आजी दातांना लावते ती मिश्रीही तंबाखूचीच, हे मुलांना अवश्य सांगावे. मात्र आजीला दोष देण्याच्या सुरात नव्हे.

तरीही फळ खावेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सहा ते नऊ वर्षांच्या मुलास दररोज निदान 350 ग्रॅम आणि दहा वर्षांपुढील प्रत्येकास 400 ग्रॅम फळे व भाज्या मिळाव्यात. (बटाटा यात धरीत नाहीत.) वर्गात तराजू आणून पेरू, बोरे, गाजर मुलांकडूनच तोलवून घ्यावे; गणिताचा पाठही त्यातच साधेल. तासगावची द्राक्षे, आटपाडीची डाळिंबे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ही आपल्या दोन जिल्ह्यांची कीर्ती खरी. पण ती बहुतांशी बाजारासाठी पिकतात. माणदेशातील मुलाने बांधावरच्या बोरीचे, सीताफळाचे नाव घेतले, तर तेही तितक्याच मानाने फळ्यावर लिहावे. द्राक्षांवर औषधे फवारलेली असतात, तेव्हा ती धुऊनच खावीत.

एखादे मूल विचारील, “गुरुजी, आईने फळे खाल्ली असती तर?” त्यास जवळ घेऊन सांगावे, “बाळ, आजार का आला हे डॉक्टरांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. यात आईची चूक नाही, आणि तुझीही नाही.” मग तास तेथेच थांबला तरी चालेल, उरलेली फळे दुसऱ्या दिवशी तोलता येतील.